घोडं सोडून देणे

वऱ्हाड इंग्रजांकडे गेला तो घोड्यांच्या चंदीपायी, असं मी म्हटलं की वाशीमच्या पाटणी चौकातले माझे मित्र हसतात. हसू द्या. 21 मे 1853 चा तह उघडून बघा. हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज निजामाच्या नावाने उभी होती. हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा चाले, पगार निजामाने भरायचा. पगार थकत गेला, कंपनीचं कर्ज चढत गेलं, आणि गव्हर्नर-जनरल डलहौसीने नासिरुद्दौला निजामाकडून त्या खर्चापोटी वऱ्हाड लिहून घेतला. तहात फौजेचा आकडाच आहे: किमान पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने. पायदळात एका माणसाचं एकच पोट. घोडदळात दोन, आणि त्यातलं मोठं चार पायांवर उभं. वाशीम, रिसोड, मंगरूळ, कारंजा इथल्या काळ्या रानाचा शेतसारा पुढची पन्नास वर्षं या फौजेच्या खात्यावर मांडला जात होता. 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला 25 लाख रुपयांवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून घेतला, दुसऱ्या वर्षी कंटिन्जंट मोडली आणि तिच्या तुकड्या हिंदी सैन्यात गेल्या. त्यातल्या एका रिसाल्याचं नाव डेक्कन हॉर्स. 14 जुलै 1916 रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, हाय वूडच्या जंगलापाशी भाले सरसावून धावले त्यांत हे स्वार होते. आज त्या रेजिमेंटकडे रणगाडे आहेत, आणि रणगाडा म्हातारा झाला म्हणून कुणाची झोप उडत नाही.

मी इतिहासाचा माणूस नव्हे, गुरांचा डॉक्टर. नागपूरच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून बाहेर पडून नोकरीला लागलो तेव्हा वाशीम हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता. जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. (इंग्रजांच्या काळात ‘बासिम’ जिल्हा होताच, तो 1905 मध्ये अकोल्यात विरघळवून टाकला होता. म्हणजे आम्ही नवं काही मागितलं नव्हतं, आमचंच परत मिळालं.) हाताखालून गेली ती मुख्यतः गाय, बैल, म्हैस, शेळी. घोडं क्वचित यायचं, आणि यायचं ते बहुधा दोन कारणांनी: पोटशूळ किंवा म्हातारपण. पोटशुळावर औषध होतं. म्हातारपण घेऊन आलेला मालक दवाखान्याच्या ओट्यावर टेकायचा, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचा आणि विचारायचा, “डाक्टरसाहेब, आता हिचं काय करू जी?”

गाईबद्दल हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. तिचं उत्तर घरात जन्माआधीपासून ठरलेलं असतं, मग ते पाळणं परवडो की न परवडो. भाकड म्हशीचं उत्तर बाजारात असतं. घोड्याचं उत्तर मात्र कुणालाच माहीत नसे, आणि हे मला विचित्र वाटे. ज्या मुलखाची मालकी घोडदळाच्या खर्चावरून बदलली, जिथे मानोऱ्याजवळ पोहरादेवीला सेवालाल महाराजांच्या तोळाराम घोड्याचं नाव आजही बंजारा बांधव आदराने घेतात, जिथे खंडोबा घोड्यावर बसूनच येतो, तिथे म्हाताऱ्या घोड्यासाठी रीत कशी नाही? निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसा मी या प्रश्नाच्या मागे लागलो.

सर्वांत जुनं उत्तर मिळालं कौटिल्याच्या अर्थशास्त्रात. अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात तो सांगतो की लढाईने, रोगाने किंवा वयाने झिजलेल्या घोड्यांना पोटापुरतं खाणं सरकारातून चालू ठेवावं, आणि लढाईच्या कामाचे न उरलेले नर लोकांच्या घोड्यांच्या पैदाशीला लावावेत. चक्क पेन्शन, आणि पेन्शनीत थोडं कामही. पण हे राजाच्या पागेतलं उत्तर झालं. ज्याच्याकडे कोठार आहे त्याला म्हातारं घोडं पोसता येतं.

मराठी फौजेत कोठार आणि घोडं यांची फारकत झाली. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा, शिलेदार म्हणजे स्वतःचं घोडं आणि हत्यार घेऊन येणारा. बखरकार सभासदाने शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था लिहून ठेवली आहे: पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे घोड्याच्या पाण्याची आणि खुराची काळजी सरकारच्या डोक्यावर. शिलेदाराला मोहिमेच्या आधी नालबंदीची उचल मिळायची खरी, पण घोडं त्याचं, त्याचं मरणही त्याचंच. घोडं गेलं की शिलेदाराचा बारगीर व्हायला वेळ लागत नसे. उत्तर पेशवाईतले शिलेदार लढाईत घोडं पुढे घालायला कचरत, अशी टीका इतिहासकार करतात. मला त्यात भ्याडपणा दिसत नाही. ज्याचं सगळं भांडवल चार पायांवर उभं आहे तो माणूस ते तोफेपुढे कसं नेईल?

कंटिन्जंटमध्येही हीच शिलेदारी चालली. रिसाल्यातली जागा म्हणजे ‘आसामी’, ती पैसे मोजून मिळे, आणि एकाच पैसेवाल्याच्या नावावर अनेक आसाम्या असत. आमच्यापासून पन्नास किलोमीटरच्या आत हिंगोलीला त्यांची छावणी होती. इंग्रजी शिस्तीने तिथे एक नवी गोष्ट आणली: तपासणी. साहेब घोडी बघणार, निकामी ठरलेल्या घोड्याला ‘कास्ट’ करणार, आणि ते घोडं बाजारात विकलं जाणार. आता इथे नीट लक्ष द्या, कारण माझ्या मते म्हाताऱ्या घोड्याचा सगळा इतिहास या एका व्यवहारात आहे. रिसाल्याने घोडं टाकलं म्हणजे मारलं नाही, खालच्याला विकलं. त्याने ते टांग्याला जुंपलं. टांग्यात दम लागू लागला की ते ओझ्याला गेलं, मातीच्या गोण्या वाहू लागलं. आणि ज्याने शेवटी शेदोनशे रुपयांना ते घेतलं, त्याच्या दारात एके सकाळी ते उठेना. घोड्याचा शेवटचा मालक हा सगळ्या मालकांत गरीब असतो. वरच्या प्रत्येकाने दाम घेऊन निर्णय खाली ढकललेला असतो, आणि याच्याकडे ना बंदूक, ना पैसा, ना ढकलायला आणखी खालचा कुणी.

हे आपल्याकडेच घडलं असं नाही. पहिलं महायुद्ध संपल्यावर इंग्रजी सैन्याने इजिप्तमध्ये हजारो घोडी विकून टाकली. 1930 मध्ये एका सेनाधिकाऱ्याची बायको, डोरोथी ब्रुक, कैरोत आली तेव्हा तीच घोडी, आता विशीतली, हाडांवर कातडं ताणलेली, गाड्या ओढत होती. तिने लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’मध्ये पत्र लिहून पैसे जमवले, एकेक घोडं विकत घेतलं, त्यांतल्या बहुतेकांना काही दिवस पोटभर खाऊ घालून शांतपणे मरण दिलं, आणि 1934 मध्ये तिथे दवाखाना काढला. मला त्या बाईंची एक गोष्ट सर्वांत जास्त आवडते. तिने गाडीवानांना दोष दिला नाही. ते स्वतःच उपाशी होते हे तिला दिसत होतं, म्हणून ती घोड्याचे पैसे मोजून देत असे.

वाशीमचा टांगा तसा दीर्घायुषी निघाला, कारण रेल्वे उशिरा आली. कारंज्याला इंग्रजी कंपनीची शकुंतला रेल्वे होती, मूर्तिजापूरकडे कापूस नेणारी. पण खुद्द वाशीमला आगगाडी यायला विसाव्या शतकाचं अर्धं उलटून जावं लागलं. तोवर अकोल्याचा ऐंशी किलोमीटरचा रस्ता बैलगाडी, दमणी आणि टांग्याने तुडवला. मी आलो तेव्हाही स्टेशनबाहेर टांगे उभे असत. तट्टं बहुतेक माळेगावच्या यात्रेतून आणलेली. आमच्या जिल्ह्यातलं मालेगाव नव्हे, नांदेड जिल्ह्यात लोह्याजवळचं खंडोबाचं माळेगाव. दर मार्गशीर्षात तिथे घोड्यांचा बाजार भरतो. ऑटोरिक्षा आल्या आणि टांगे एकेक करून गायब झाले. उरली ती लग्नातली घोडी. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठातल्या शेवटच्या मुहूर्तापर्यंत नवरदेव पाठीवर, पुढे बँड, कानात डीजे.

टांगे गेले म्हणजे मधल्या पायऱ्या गेल्या. पशुगणना बघा: 2012 मध्ये देशात सव्वासहा लाख घोडी-तट्टं होती, 2019 मध्ये साधारण 3 लाख 40 हजार. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करायचा आदेश उच्च न्यायालयाने 2015 मध्ये दिला. आता म्हातारं घोडं घ्यायला वीटभट्टीवाला सोडला तर कुणी येत नाही.

मग पूर्वी त्या शेवटच्या मालकाने काय केलं? त्याने घोडं सोडून दिलं. हीच रीत, जी कुठल्या पोथीत नाही आणि प्रत्येक गावात आहे. दावं काढायचं, कपाळाला हळदकुंकू लावायचं, गावाबाहेरच्या माळावर किंवा तलावाच्या काठी नेऊन पाठीवर थाप मारायची. भाषा पुण्याची: मोकळं केलं, देवाला सोडलं. मी ती मोकळी केलेली घोडी पाहिली आहेत. दात नसलेल्या घोड्याला माळावरचं कुसळी गवत काय कामाचं? ते गावाकडे परत येतं, उकिरड्यावर प्लास्टिक खातं, कुत्री मागे लागतात. आणि रात्री डांबर गरम असतं म्हणून हायवेवर उभं राहतं.

हायवेवरच्या घोड्यासाठी मला पोलिसांचे फोन आले आहेत. कायदा तिथे स्पष्ट आहे. 1890 चा जुना कायदा होता, त्याच्या जागी 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आला. उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हा कलम 11 प्रमाणे गुन्हा. आणि कलम 13 प्रमाणे, जखमी जनावराचा मालक सापडत नसेल तर शिपायाच्या वरच्या दर्जाच्या पोलिसाने पशुवैद्यकाला बोलवायचं, याला जिवंत ठेवणं हीच क्रूरता आहे असा दाखला घ्यायचा, दंडाधिकाऱ्याचा हुकूम आणायचा, मग त्याची सुटका करायची. कागदावर सगळं रास्त. फक्त हुकूम येईपर्यंत मागचे दोन्ही पाय मोडलेलं घोडं पुढच्या पायांवर उठायला बघत असतं, आणि गर्दीतलं कुणीतरी त्याला पाणी पाजा म्हणून माझ्यावर ओरडत असतं.

एकाच बाबतीत सरकार मालकाला विचारत नाही. ग्लँडर्स झालेलं घोडं मारायचं, हे 1899 च्या कायद्यापासून ठरलेलं आहे. माणसाला होणारा रोग तो. 2006 मध्ये महाराष्ट्रातही त्याने पुन्हा डोकं काढलं. तिथे मालक रडतो, पण त्याला झोप लागते. निर्णय त्याचा नसतो.

झोप उडते ती रिसोडच्या बापूंसारख्यांची. बापूंचे वडील टांगा हाकायचे, बापूंनी टांग्यावरून लग्नाच्या घोडीवर उडी मारली. चांदणी नावाची पांढरी घोडी, तालुक्यातल्या निम्म्या नवरदेवांना मारोतीपर्यंत पोचवलेली. ती नाचायची नाही, हे बापू अभिमानाने सांगत. नाचवायला घोडीला काय काय करतात ते त्यांना माहीत होतं. शेवटच्या काही वर्षांत तिला काम नव्हतं. बापूंच्या मुलांनी एक तरणा घोडा घेतला होता, त्याच्या कमाईवर दोघांची चंदी चाले.

मी गेलो ते होळीनंतर. आधी दात बघितले. घोड्याच्या वरच्या कडेच्या पटाशीच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी एक खाच उमटते, ती खाली सरकत विसाव्या वर्षी दातभर होते, मग वरून पुसली जायला लागते, तिशीला दिसेनाशी होते. चांदणीची अर्ध्याहून जास्त पुसली होती. डोळ्यांवरचे खड्डे खोल, उन्हाळा तोंडावर आला तरी अंगावरची हिवाळ्याची लव झडलेली नव्हती.

“पर खाते ना जी थे,” बापू म्हणाले.

गव्हाणीखाली वाकून मी कडब्याचे ओले, चावून टाकलेले गोळे उचलून त्यांच्या हातात दिले. ती घास घेत होती, घोळवत होती आणि टाकत होती. दाढा उरल्या नव्हत्या. खाणं आणि पोटात जाणं यांतला फरक बापूंना कळत नव्हता असं नाही; तो त्यांना बघायचा नव्हता. मी कडबा बंद करून भिजवलेली चण्याची चुनी आणि कोंडा सुरू करायला सांगितलं, आणि त्यांच्या नातवाला एक काम दिलं. भिंतीवर कालनिर्णय होतं. ज्या दिवशी चांदणी आपली आपण उठली नाही, त्या तारखेभोवती लाल गोल.

बापूंच्या घरच्या चुलीजवळून बोलल्या, “गोल कायले काढता? मले इचारा. राती तिचे पाय आपटते तवा मीच उठते. हे तं घोरते.” माझा अनुभव असा की बहुतेक घरांत निर्णय झालेला असतो आणि तो बाईने केलेला असतो, कारण शेण तिने काढलेलं असतं. फक्त तो पुरुषाने बोलायचा असतो.

थोरल्या मुलाचं मत वेगळं. एक व्यापारी पाच हजार द्यायला तयार होता. कुठे नेणार, तर “तिकडं, दूर.” ही ती जुनीच पायरी. मी म्हटलं, तू एवढं कर, तिला आपल्या अंगणातून रस्त्यापर्यंत चालवून आण. त्याने आणली. ढेकळातून येताना ती दोनदा गुडघ्यांवर आली. ट्रकमध्ये ही उभी कशी राहील, हे मला विचारावं लागलं नाही.

बापूंचा खरा अडसर शेवटी बाहेर आला. “गाईले कोनी सुई देते काय? मंग घोडीले काहून द्याची?”

मी त्यांना साबरमतीची गोष्ट सांगितली. 1928 साली गांधीजींच्या आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होतं. कूस बदलता येईना, उपचार थकले. गांधीजींनी आश्रमातल्या लोकांशी बोलून डॉक्टरला बोलावलं आणि इंजेक्शन देऊन त्याला सोडवलं.

“वासराले सुई देल्ली? गांधीबाबानं?” बापू ताठ बसले. “मंग लोकायनं काई म्हटलं नसन?”

“लय शिव्या घातल्या. पत्रावर पत्रं. त्यांनी ‘नवजीवन’मध्ये लेख लिहून उत्तर दिलं. केलं ते लपवलं नाही.”

बापू बराच वेळ गप्प राहिले. त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. पण हा प्रश्न आपल्याआधी आणखी कुणाला, आणि एवढ्या मोठ्या माणसाला पडला होता, त्याने ते एकटे राहिले नाहीत. अहिंसेची दुसरी बाजूही या मातीतली आहे. मुंबईत इंग्रजांनी भटकी कुत्री मारायला घेतली म्हणून 1832 मध्ये दंगल झाली, आणि दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाय आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरला पांजरपोळ काढली. मरेपर्यंत पोसायचं, हे त्या परंपरेचं सांगणं, आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. फक्त तिला शेड लागते, चारा लागतो, पगारी माणसं लागतात. रिसोडच्या एका अंगणात ती सगळी परंपरा एका म्हाताऱ्या बाईच्या कंबरेवर उभी होती.

चैत्र संपता संपता कालनिर्णयवर कोरी तारीख शोधावी लागत होती. एका पहाटे चांदणी कुडाच्या बाजूला पाय करून पडली आणि अडकली. शेजारची आठ माणसं, बांबू, तरटाचे पट्टे, उभी केली. घोडं गाईसारखं बसून राहू शकत नाही. एवढं वजन एका कुशीवर पडून राहिलं की खालचे स्नायू आणि फुप्फुस दबतात, काही तासांत ते उठण्याच्या पलीकडे जातं. मी बापूंना विचारलं, पुढच्या वेळी आठ माणसं घरी नसली तर? पेरणीचे दिवस असले तर?

त्यांनी दसरा मागितला. दसऱ्याला घोड्याची पूजा असते, तेवढी एक होऊ द्या. इथे मी अडून बसलो, आणि कारण आमच्या जमिनीचं होतं. वाशीमची काळी माती मृगाचा पाऊस लागला की साबणासारखी होते. धड घोडं घसरतं, हिची काय कथा. आणि मेलेल्या घोड्याला खड्डा लागतो पुरुषभराहून खोल. तो जेसीबीशिवाय होत नाही, आणि पावसात जेसीबी रानात शिरत नाही, शिरलीच तर रुतते, आणि खणलेला खड्डा पाण्याने भरतो. म्हातारं घोडं पावसाळ्यात मेलं तर त्याची विटंबना होते, हे मी सांगतो, कुठलं पुस्तक नाही.

खड्ड्याचाही इतिहास आहे. गावातली मेलेली ढोरं ओढून नेणं हे पिढ्यान्पिढ्या महारांवर लादलेलं काम होतं. 1927 च्या महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी ते सोडायला सांगितलं आणि लोकांनी गावोगाव ते सोडलं, मार आणि बहिष्कार सोसून सोडलं. त्यानंतर गावाला पहिल्यांदा कळलं की जनावराचं मरण हे मालकाचं काम आहे. उघड्यावर टाकलेलं पूर्वी गिधाडं संपवायची. डायक्लोफिनॅक पोटात जाऊन ती संपली, आणि त्या औषधाचा जनावरांसाठीचा वापर 2006 मध्ये बंद झाला तेव्हा फार उशीर झाला होता. भुलीच्या औषधाने मारलेलं घोडं तर उघड्यावर टाकायचंच नाही, खाणारं कुत्रंही मरतं.

बापूंनी भटजींना विचारलं, दसऱ्याची पूजा आधी करता येते का. भटजी शहाणे निघाले. म्हणाले, घोडीला पंचांग कुठे कळतं, करा.

वैशाखातल्या एका सकाळी पूजा झाली. खड्डा आदल्या संध्याकाळी बांधाच्या वरच्या अंगाला, विहिरीपासून लांब, खणून घेतला होता, म्हणजे तिला तिथवर हळूहळू चालत नेता आलं आणि नंतर ओढावं लागलं नाही. घरातल्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं: आधी गुंगीची सुई, मान खाली येईल, मग पूर्ण भूल, तेव्हा ती एकदम कोसळेल, म्हणून कुणी जवळ उभं राहायचं नाही, त्या भुलीतच हृदय थांबवणारं औषध. डोळे उघडे राहतील. नंतर एखादा श्वास ओढल्यासारखा होईल, ती जिवंत आहे असं समजू नका. हे न सांगता सुई दिली तर माणसं आयुष्यभर त्या एका श्वासाबद्दल विचारत राहतात. बापूंची सही मी कागदावर आदल्या दिवशीच घेतली होती. ऐन वेळी सही मागू नये, हात कापतो. गुळाचा खडा चांदणीने चघळला, या वेळी टाकला नाही. बुबुळाला बोट लावून पापणी हलत नाही हे पाहिलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग बापूंकडे बघून मान हलवली. तरण्या घोड्याला बापूंच्या घरच्यांनी मुद्दाम सोडून आणलं. तो तिला हुंगून बाजूला झाला आणि बांधावरचं गवत खाऊ लागला. न दाखवता नेलं तर मागे राहिलेलं घोडं दिवसचे दिवस हाका मारतं.

पुढच्या आठवड्यात बापूंनी मला पैसे द्यायचा प्रयत्न केला, मी घेतले नाहीत. त्यांनी चिडून एक पोतं तुरीची डाळ पाठवली. ती मी ठेवून घेतली.

महिन्याभराने मंगरूळपीरहून एकाचा फोन आला. रिसोडच्या पाव्हण्याकडून ऐकलं म्हणाला, घरी म्हातारी घोडी आहे. त्याचा पहिला प्रश्न होता, “जेसीबीवाला किती घेते जी?” मी म्हटलं, जेसीबीचं मागून. आधी ती सकाळी कशी उठते ते सांग, आणि गव्हाणीखाली काय पडलेलं असतं ते बघून ये, मी फोन चालू ठेवतो.